यमकांचा फळा

३ एप्रिल

लेकीच्या घरी येऊन पोचलो. एक ट्रंक, कवितांच्या दोन वह्या आणि हिचा फोटो, एवढाच आता माझा संसार. मागची खोली मला दिली आहे. खिडकीतून शाळेचं पटांगण दिसतं. सुट्टी आहे, तरी मला तिथून कवितेचा तास ऐकू येतो: सगळा वर्ग एका सुरात, आणि शेवटचा बाक नेहमीसारखा अर्धी ओळ मागे.

नात दहा वर्षांची. दिवसभर काहीतरी कुरतडत असते म्हणून तिला खारूताई म्हणतात. आल्या आल्या तिने विचारलं की आजोबा, तुमचे दात खरे का? मी म्हटलं, वरचे माझे, खालचे डॉक्टरांचे. तेवढ्यावर गट्टी जमली.

जावईबापूंचं काम मोठं गमतीचं. संगणकावरच्या खेळातलं एक गाव ते चालवतात. तीस-चाळीस मुलं आपापल्या घरी बसून त्या एकाच गावात घरं बांधतात, विहिरी खणतात, कडाकडा भांडतात. गावाचा कारभार पाहणारा सर्व्हर माझ्याच टेबलाखाली घरघरत असतो. मला त्याची सोबत वाटते.

६ एप्रिल

शिक्षक होतो, आता विद्यार्थी झालो. गावाला नवी करामत शिकवायची तर प्लगइन जोडायचं आणि त्यात आपली स्क्रिप्ट लिहायची, हे जावईबापूंनी दाखवलं. मी गावात शाळा बांधली, तिच्यात फळा लावला. मुलाने फळ्यावर शब्द लिहिला की स्क्रिप्टने इंटरनेटवरच्या एका शब्दकोशाला विचारायचं आणि आलेली यमकं फळ्यावर मांडायची.

पहिल्याच फटक्याला गाव चार सेकंद गोठलं. माणसं, ढग, कोंबड्या, सगळं जागच्या जागी. पलीकडच्या खोलीतून खारूताई ओरडली की आजोबांनी जग बंद पाडलं! जावईबापू हसून म्हणाले, बाबा, तुम्ही विचारून दारातच उभे राहिलात. इथे विचारायचं आणि पुढे चालू लागायचं. उत्तर येईल तेव्हा ते घ्यायला एक फंक्शन मागे ठेवायचं. तुम्ही थांबलात तर अख्खं गाव थांबतं.

लेक चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, विचारून चालू लागायला बाबांना कशाला शिकवताय? जन्मभर तेच केलंय त्यांनी. सगळे हसले. मीही हसलो.

उत्तराची वाट किती सेकंद पाहायची, ती मुदतही द्यावी लागते. मी शून्य घातलं. या शास्त्रात शून्य म्हणजे मुदतच नाही, कधीही येवो. जावईबापू म्हणाले, मग शिळंपाकं उत्तरही घ्यावं लागेल हं. मला ती कल्पना फार काव्यमय वाटली.

११ एप्रिल

फळा झकास चालतो. ‘पाणी’ला गाणी, राणी, वाणी. पण आज दुपारी शाळेत कोणी नसताना फळ्यावर उमटलं: कपाळावर. मग: हो, पण साखर संपलीय. ही कशाची यमकं? खारूताईवर संशय घेतला, तर तिने दोन्ही गालांत बिस्कीट धरून शपथ घेतली. सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो, उत्तराला तोच. या दोन उत्तरांना क्रमांक नाही.

चष्मा शोधताना मला हसू आलं. तो कपाळावर होता. आणि मग हसू गेलं. चष्मा कुठे ठेवलास, असं मी हिला रोज विचारायचो.

१४ एप्रिल

आज फळ्यावर: शेवटचं कडवं खोटं आहे. पहिली दोन चांगली.

तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी हिला ती कविता वाचून दाखवली होती. कशी वाटली, असंही विचारलं होतं. दुसऱ्या कोणी ती ऐकलेली नाही. जावईबापूंना नाही नाही ते बोललो. माझ्या वह्या उघडता? म्हातारा झालोय, गाढव नाही! ते लालबुंद झाले. त्यांनी शब्दकोशाचा पत्ता खोडला, इंटरनेटची वायर उपटून माझ्या हातात दिली.

वायर माझ्या हातात असताना फळ्यावर उमटलं: आवडेल. अर्ज भरून ठेवलाय.

लेक ते वाचत पुढे आली. म्हणाली, तुला नोकरी करायला आवडेल का, असं विचारून तुम्ही जिना उतरलात. आई तुमच्या पाठीला हेच म्हणाली. आईची निम्मी उत्तरं मी ऐकलीत, बाबा. तुम्ही तोवर फाटकापाशी असायचात.

१७ एप्रिल

उत्तरं थांबत नाहीत. ओळीने येताहेत, वर्षामागून वर्ष. मला राग येतोय तो हिचा. चाळीस वर्षं तोंड होतं ना? मोठ्याने बोलायचं होतं! मागून हाक मारायची होती! हेच सगळं मी फळ्यावर लिहिलं. त्याखाली उमटलं: दुखतंय. डाव्या बाजूला.

म्हणजे शेवटचा हिवाळा. आता एकच प्रश्न उरला. शाळेत काव्यवाचन होतं. मी चपला घालता घालता येतेस का गं, असं विचारलं आणि निघालो. परत आलो तेव्हा ही उंबरठ्याच्या आत पडली होती. एक चप्पल पायात, एक हातात.

१९ एप्रिल, दुपारी साडेतीन

घरात मी आणि खारूताई. ती पलीकडे खेळतेय. लेक-जावई बाहेर. मी स्क्रिप्ट बदलली आहे. उत्तर येईपर्यंत पुढे जायचंच नाही, अशी. कधी थांबलो नाही ना? हा बघ, थांबलो. आता दे तुझं उत्तर!

विचारलं. गाव गोठलं.

साडेतीन

घड्याळ हलत नाही. घरघर बंद. नळाचा थेंब तोटीला लोंबकळलाय, पडत नाही. खारूताई खुर्चीत. बिस्कीट दातांत. डोळे उघडे. हाक मारली, हलवलं — हात गरम आहे — श्वास मात्र —

बटण दबत नाही. वायर ओढली. काही नाही. मुदत शून्य. मीच घातलेली. काव्यमय! मूर्ख म्हातारा —

साडेतीनच

फळ्यावर: येते. थांबा.

उत्तर आलं ना? मग पोर का सुटत नाही? सोड तिला! तिने काय केलंय तुझं? राग माझ्यावर काढ —

नाही. शब्द नुसते शब्द. येते म्हणाली आहे. यायची आहे अजून.

जिन्यात पाऊल. एक चपलेचं. एक अनवाणी. चपलेचं. अनवाणी.

मागचं दार उघडं आहे. निघून जाणं तेवढं मला येतं. पण मी हललो तर पोर अशीच —

नाही हलत. खारूताईशेजारी बसलोय. तिचा हात धरून. हे डाव्या हाताने —

रागात आहे. पावलावरून कळतं. इतकी वर्षं कसं कळलं नाही —

उंबरठ्याशी. एक चप्पल खाली टाकल्याचा —

ये. थांबलोय गं मी. थांब —

नळ ठिबकला. खारूताईच्या दातांत बिस्कीट मोड