उसळणारे काळीज

रिसोड, १० मार्च १९५९

प्रिय रुपा,

तुझे पत्र पोहोचले. गवताचा भारा घेऊन तांड्याचा चढ चढताना तुला अंधारी येते, आणि सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगतात, ‘आमच्या सुनेचं काळीज पाह्य वं, कांचळीच्या कापडावरून उसळून राह्यलं! वाघीण हाय वाघीण!’ एवढे वाचले आणि मी दवाखाना बंद करून लिहायला बसलो.

आपल्या थोरल्या भावाविषयी, सोमलाविषयीही असेच बोलत, आठवते? त्याच्या फासळ्यांखालचा ठोका लांबूनही दिसे. आपल्या तांड्याचे नायक हेमसिंग त्याच्या छातीवर पंजा ठेवून म्हणत, ‘अबे, हे काळीज हाय का नगारा?’ म्हणूनच त्या होळीला, गेरणी बायकांच्या काठ्या चुकवून पुऱ्यांचे भांडे पळवण्याच्या खेळात, सर्वांत पुढे त्यालाच धाडले. भांडे त्याच्या हाती आले आणि तो कोसळला तो उठलाच नाही. आपली याडी अजूनही म्हणते, माझ्या लेकाला दृष्ट लागली.

परवा नागपूरच्या एका सहाध्याय्याने लंडनच्या डॉक्टरांचा एक लेख पाठवला. अचानक गेलेल्या तरुणांची हृदये उघडून त्यांनी पाहिली आहेत. वाचताना मी दोनदा खुर्चीवरून उठलो. पण सांगायला इथे कोणी नाही, म्हणून तुलाच समजावतो. हृदय म्हणजे स्नायूंच्या भिंतींची खोली. भिंत दर सणाला आतून लिंपत गेलो तर ती भक्कम दिसते, पण खोली लहान होते. दारापाशी लेप फुगला तर दारही अरुंद होते. या रोगात दोन कप्प्यांमधली भिंत अशीच जाड होते. आत रक्त कमी मावते, बाहेर पडायला वाट अपुरी, म्हणून हृदय अधिक जोराने आपटते. त्या आपटण्यालाच आपण सारे बळ समजलो! धावताना शरीर जास्त रक्त मागते आणि नेमके तेव्हाच हे हृदय अडते. दृष्ट नव्हे, रुपा, स्नायू. आणि हा रोग एकाच घरातल्या भावंडांत आढळला आहे.

तुला तो असेलच असे नाही; तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. औषध अजून निघालेले नाही, पण धावणे आणि ओझे वाहणे टाळता येते. यंदा गेरणींत उतरू नकोस. सासूबाई कामचोर म्हणतील, म्हणू देत. भारा खाली ठेव.

खरे तर हे सांगायला मीच किन्हीराजाला यायला हवे होते. पण मोटार थांबते तिथून तुमच्या तांड्यापर्यंतचा चढ आता माझ्याने चढवत नाही. लेख संपल्यावर मी नळ्या कानांत घालून दुसरे टोक स्वतःच्याच छातीवर ठेवले. प्रत्येक ठोक्यामागे एक खरखरीत फुत्कार आहे. पुन्हा पुन्हा ऐकला, तो जात नाही. याडीला कळवू नकोस. जावईबापू मोहनसिंगजींना घेऊन होळीआधी ये. आधी मी तुझी छाती तपासेन, मग नळ्या तुझ्या कानांत देईन. माझ्या छातीतला हा आवाज माझ्याखेरीज आणखी कोणीतरी ऐकलेला असावा, असे फार वाटते.

तुझाच भिया,
मदनसिंग