चौथ्या गावाहून मायला

अमेरिका, नोव्हेंबर १९६७

मायच्या पायांवर लोटनचं डोकं. बन्सीदादा, हे तिला सावकाश वाचून दाखव.

माय, मी खुशाल आहे. पत्ता बदललाय, घाबरू नको. आधीच्या संघाने दुसरा गडी घेतला, म्हणून या संघाकडे आलो. हे चौथं गाव. काम तेच आहे, इथल्या हाताने धरून पळायच्या फुटबॉलात. बाकीचे एकमेकांना भिडतात, मी बाकावर बसतो, आणि बोलावलं की चेंडू लाथेने उडवून दोन उंच खांबांमधून काढतो. शेतकी शिकायला आलो आणि तापीच्या वाळूत खेळलेल्या फुटबॉलवर पोट भरतोय.

गेल्या रविवारी शेवटची लाथ माझी होती. चेंडू बरोबर गेला, आम्ही जिंकलो. गड्यांनी मला खांद्यावर घेतलं. लोक माझ्या पाठीवरचा आकडा ओरडत होते, कारण नाव कुणाला घेता येत नाही. तेवढ्यात तुझी हाक आठवली, "लोटन, भाकर थंडी हुई ऱ्हायनी." मला रडू आलं. त्यांना वाटलं, आनंदाने रडतोय.

गुडघा थोडा दुखतो. डॉक्टर विश्रांती घे म्हणतात, पण मी बाकावरच तर असतो. तू तुझा गुडघा शेकतेस का? आबांचा खोकला कसा आहे? केळीला थंडी तर बाधली नाही ना?

दर पत्रात तू "तिकडे सुखी रहा" असं लिहवतेस. या वेळी दादाकडून एवढंच लिहून घे, "लोटन, आते घर ये." मग मी इथे कुणाला विचारत बसणार नाही, लगेच निघेन.

तुझाच,
लोटन