इरफानने पाय पुसला

राहाता, शनिवार, संध्याकाळ

आज इरफानची हातोडाफेक पाहिली. परदेशातली ज्युनिअर स्पर्धा, अंगावर भारताचा टीशर्ट, आणि आमची सगळी गल्ली त्याच्या अब्बांच्या वेल्डिंगच्या दुकानात एका मोबाईलवर वाकलेली. चहात आलं बरं होतं. पण तो विषय नाही.

फेकायच्या आधी त्याने डाव्या बुटाचा तळ उजव्या पोटरीला पुसला. दोनदा. ती माझी सवय हाय. आम्ही दोघं रानात तारेला जोडलेला लोखंडी गोळा फिरवायचो, तेव्हा काळी माती चिकटून गिरकीत पाय सटकायचा. पुसायची युक्ती माझी. तिथं तर स्वच्छ सिमेंट. तिथं कशाला पुसतोस रे?

तेव्हा माझाच गोळा लांब जायचा. मग मी शिर्डीत हॉटेलात लागलो, तिथून नाशिक, तिथून कुठं कुठं. तो रानातच फेकत राहिला.

त्याचे अब्बा म्हणाले, "कुणी शिकवलं न्हाई, अंगातच हाय त्याच्या." मी मान डोलावली. पुढची फेक जाळीत अडकली तेव्हा सगळे हळहळले, मला बरं वाटलं. लिहून टाकतो, इथं कोण वाचतंय. शेवटच्या फेकीला त्याने पुन्हा पाय पुसला, आणि गोळा असा गेला की कॅमेऱ्याला सापडेना. कांस्यपदक. दुकानात पेढे.

आत्ता त्याचा मेसेज आला. "भावा, पाय पुसताना बघितलं का? तुझ्यासाठीच पुसला."

मग लिहिलं, "न्हाई रे, रेंज न्हवती."