हात लावू नका, असं मी म्हणाले होते

प्रिय नाना,

“पोरी, गाडी बंद पडली म्हंजे अब्रू जात नाय. लाजू नको, हाक मारत जा.”

हे तुम्ही मला म्हणालात त्याला वीस वर्षं होऊन गेली. डिंभ्याच्या शाळेत मी नुकती शिकवायला लागले होते. वडलांची जुनी पेट्रोलची गाडी माझ्या हाती आली होती आणि धरणाच्या अलीकडच्या चढावर ती बंद पडली. एसटी शेजारून गेली, खिडक्यांतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली, आणि मी काचा वर करून आत रडत बसले. कुणीतरी तुम्हाला घोडेगावात निरोप दिला. तुम्ही मोटरसायकलवर आलात, बॉनेट उघडलंत, पाच मिनिटांत गाडी सुरू केलीत, आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता हे वाक्य बोललात.

आज तुमचा दहावा झाला. नदीवर प्रवचन झालं, मग माइकवर एकेक जण बोलायला उठला. तुमचा दत्ता माइक घेऊन माझ्यापुढे आला. “मॅडम, तुमी बी दोन शब्द बोला.” मॅडम! पस्तिशीचा झाला तरी वर्षापूर्वीपर्यंत ताई म्हणायचा मला. मी बोलले. चांगलं बोलले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पण जे बोलायला हवं होतं तेवढंच गाळलं. म्हणून घरी आल्या आल्या, साडीही न बदलता, हे लिहायला बसले आहे.

नाना, तुम्हाला न विचारता मी नवी गाडी घेतली, तिथपासूनच सुरुवात करते. शाळेतल्या दोघीतिघींनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या होत्या. मलाही पटलं. धूर नाही, आवाज नाही, रोजचं येणंजाणं ठरलेलं. जुनी गाडी नारायणगावला एक्स्चेंजमध्ये दिली आणि पांढरी नवी गाडी घेऊन तुमच्या गॅरेजसमोर आले. तुम्ही आधी तिच्या मागं बघितलंत.

“जुनी कुठाय?”

“दिली, नाना.”

तुम्ही मान हलवलीत. वीस वर्षं जिचा प्रत्येक नट तुमच्या हाताखालून गेला, तिला मी तुम्हाला शेवटचं बघूसुद्धा दिलं नव्हतं. मग तुम्ही हसून नव्या गाडीभोवती फिरलात. “ह्यो तर मोबाईलच की, चाकं लावल्याला! धूर न्हाई, आवाज न्हाई. हिला ताप आला तर कळायचं कसं गं?”

तुमचे वडील मेंढरांच्या मागं हिंडायचे. कुठलं मेंढरू आजारी आहे हे त्यांना लांबून चालीवरून कळायचं, असं तुम्ही सांगायचात. तुम्हाला गाड्यांचं तसंच कळायचं, कानानं. आणि मी तुमच्यापुढे मुकी गाडी आणून उभी केली होती.

घरी चार्जर लावला, तर त्यावर लाल दिवा. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, घराला अर्थिंग नाही, ते करून घ्या. वायरमन आज येतो, उद्या येतो करत राहिला. चार दिवस मी शाळेच्या मागच्या खोलीतून वायर ओढून गाडी चार्ज केली. तीही दुपारी वीज गेली की अर्धवट. पाचव्या दिवशी तुम्ही पहार घेऊन दारात! अंगणात छातीएवढा खड्डा खणलात, पाइप उभा केलात, मीठ आणि कोळसा भरलात. “हिला पाणी घालत जा अधूनमधून,” म्हणालात, “तुळशीला घालती तसं.” लाल दिव्याचा हिरवा झाला. पेट्रोलवर जन्म काढलेल्या माणसानं माझ्या इलेक्ट्रिक गाडीची सोय केली! आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मी तुमच्याशी तशी वागले.

तो बाजाराचा दिवस होता. मी स्टँडजवळ गाडी लावून भाजी घेतली. परत आले तर गाडी उघडेना. रिमोटच्या आतल्या साध्या किल्लीनं दार उघडलं, तर समोरचा पडदा काळाठिक्कर. सकाळीच पाऊणच्या वर चार्जिंग होतं! माणसं जमली. कुणी म्हणालं, चार्जिंग संपलं. कुणी म्हणालं, ढकला. कुणीतरी समोरच्या गॅरेजमधून तुम्हाला बोलावून आणलं.

तुम्ही दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिलात. मग म्हणालात, “मोठी बॅटरी हाय तशी बारकी बी असंल की. लॉक, दिवे, हॉर्न ह्ये बारकीवरच असणार. तीच उतरलीय. दत्ता, वायरी आण.” दत्तानं जाड तांबड्या-काळ्या वायरी आणल्या. तुम्ही बॉनेटवर हात ठेवलात. ऑइलनं काळा झालेला हात, पांढऱ्या बॉनेटवर.

“हात लावू नका!”

मी इतक्या मोठ्यानं बोलले की भाजीवाल्या वळून बघायला लागल्या. कानाला फोन होता. पलीकडची मुलगी सांगत होती, बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नका, वॉरंटी जाईल. मी तेच सगळ्यांपुढे म्हणाले. “बाहेरच्या माणसानं हात लावला तर वॉरंटी जाते, नाना.”

बाहेरचा माणूस! माझ्या अंगणात ज्यानं खड्डा खणला तो!

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “नाना, आता तुमी फकस्त हवा भरायची!” लोक हसले. नाना, मीही हसले. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

दत्ता पुढे आला. “ताई, वीस वर्सं बापानं तुमची गाडी सांभाळली, तवा न्हाई व्हय वॉरंटी गेली?” तुम्ही त्याला दटावलंत. “गप ए दत्त्या! कंपनीचं काम हाय. ती बरोबर बोलती. तिची काय चूक न्हाई त्यात.” पँटला हात पुसलेत आणि गॅरेजमध्ये गेलात. थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा आला. तो मी प्याले कशी?

चार तासांनी पुण्याहून कंपनीचा माणूस आला. त्यानं बॉनेट उघडलं, एका डबीचे दोन चिमटे बारक्या बॅटरीला लावले, आणि गाडी जागी झाली. “छोटी बॅटरी उतरली होती, मॅडम.” तुम्ही समोरच्या फळीवर बसून बघत होतात. मी निघाले तेव्हा हात वर केलात. “झाली का चालू? बरं झालं.” तुम्ही बरोबर होतात, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

घरी जाऊन मी गाडीचं पुस्तक वाचलं. नारंगी वायरींना हात लावू नये, एवढंच त्यात होतं. बारक्या बॅटरीला बाहेरून वायरी कशा जोडायच्या, हे तर चित्रासकट दिलं होतं. म्हणजे वॉरंटी हे निमित्तच होतं का? खरं सांगू? माझ्या शाळेतल्या शिक्षिका गर्दीत उभ्या होत्या. मला तुमच्या हाताची लाज वाटली, नाना. बस्स, एवढंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं. आले नाही. जुनी गाडी असती तर जमलंच नसतं. तिचा आवाज ओळखून तुम्ही कामातून मान वर न करता हात हलवायचात, मग मला थांबावंच लागायचं. ही गाडी मात्र बिनआवाजाची. तुमच्या दारावरून चोरासारखं जायची मला आयतीच सोय झाली. वर्षभर मी तशी गेले. रोज दोनदा.

त्या वर्षात काय काय झालं, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आईला घेऊन घाटघरला निघाले, तर चढावर चार्जिंगचा आकडा असा भराभर उतरायला लागला की एसी बंद केला, आई घामानं भिजली, आणि गावाच्या अलीकडूनच मागं फिरलो. महामार्गावरच्या हॉटेलात चार्जिंगला गेले, तर मशीन बंद. दुसरीकडे मशीन चालू, पण मोबाईलला रेंज नाही, म्हणून ते चालू करणारा मेसेज येईना! तुम्ही किती हसला असतात. एखादी युक्तीही काढली असतीत. गाडी चांगली आहे, नाना. माझी काही तक्रार नाही. फक्त तिच्या अडचणी ज्याच्याकडे घेऊन जायच्या, ते माणूस मी स्वतःच तोडलं होतं.

आज जेवणं झाल्यावर काकूंनी मला बाजूला बसवलं. म्हणाल्या, “रोज म्हनायचे, पोरगी शाळंत चालली. मी म्हनायची, आवाज ना काय, तुमाला कसं कळतं? तर म्हनायचे, टायराखाली खडी वाजती की. तिची गाडी हाळू जाती हितनं.”

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. रोज दोनदा! मी हळू करते आणि थांबत नाही, हे तुम्ही वर्षभर ऐकत होतात? मग एकदा तरी हाक का नाही मारलीत? का रागावला नाहीत? की पोरगी लाजतेय, तिला अजून लाजवू नये, असं वाटलं तुम्हाला?

येत्या बाजाराच्या दिवशी मी गाडी तुमच्या गॅरेजसमोर लावणार आहे. माणसं असतील तेव्हाच. त्या दिवशी नाना बरोबर होते आणि मी त्यांचा अपमान केला, हे त्याच जागेवर, त्याच आवाजात सांगणार आहे. हे वचन समजा. मग दत्ताला म्हणेन, इथून पुढं माझी गाडी तूच बघ. तो म्हणेल, “कंपनीला फोन करा, मॅडम.” आणि काम करत राहील.

तेव्हा एकच मागणं आहे, नाना. त्याला गप बस म्हणू नका. या वेळी माझी बाजू घेऊ नका. तुम्ही ऐकायचे नाहीत, मला माहीत आहे.

तुमची,
पोरी म्हणून जिला हाक मारायचात ती,
वंदना