टाकीखालची ओळख

सोलापूर,
९ जून

तीर्थरूप चनमल्लप्पामामांना शिवूचा शरणु शरणार्थी. गुरम्मामामींनाही सांगा. मी इकडं मजेत आहे. तुमचं पोट आता ठिकाणावर आलं असेल अशी आशा करतो. ऊन फार आहे, पण तुम्हीही याच गावात राहता, तेव्हा उन्हाची बातमी तुम्हाला काय कळवायची.

पत्र बघून नवल वाटलं असेल. मलाही वाटतंय. दहावीच्या पेपरात पत्रलेखनाला मित्राला सहलीचं वर्णन कळवा म्हणून आलं होतं, तर मी सहलीतच असा रमलो की निबंधाला वेळ उरला नाही. तेव्हापासून हे पहिलंच पत्र. पण काय करणार, तुम्ही फोन उचलत नाही, आणि व्हाट्सअपवर तुमच्या फोटोच्या जागी नुसता करडा गोल दिसतोय. आरिफ म्हणाला याला ब्लॉक म्हणतात. मी म्हणालो, मामांच्या हातून चुकून दाबलं गेलं असेल.

तर कामाचं आधी लिहितो, नाहीतर माझं कसं होतं तुम्हाला माहीत आहे. येत्या रविवारी अकलूजला आपल्या महेश्वरीचं लग्न आहे. अक्षता पडताना पोरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि आम्हा बहीणभावाला मामा एकच. आईनं मला सोलापूरला धाडलं तेच मुळी तुम्हाला घेऊन यायला. पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला, तीही हातात, हळदकुंकू लावून. आई रोज फोन करते. मी सांगतो, मामांचा गुडघा दुखतोय. परवा डावा म्हणालो होतो, काल उजवा म्हणालो. आई म्हणाली, "दोन्ही दुखत असंल तर उचलून आण, पण त्याच्याबगर येऊ नगंस." म्हणून मी अजून इथंच आहे, आरिफच्या घरी. आरिफ म्हणजे आपला रिक्षावाला, जो तुम्हाला गेली कित्येक वर्षं दर सोमवारी जुळे सोलापुरातल्या तुमच्या कॉलनीतून सिद्धेश्वराच्या देवळात नेतो. नेत होता. या सोमवारी तुम्ही दुसरी रिक्षा केलीत असं कळलं.

त्याची आई साबेराचाची मला मुलासारखं बघते. फक्त मी शाकाहारी म्हटल्यावर तिला काही दिवस वाटलं मी आजारी आहे. घरात एक जुना माग आहे. त्यावर आता टॉवेल विणत नाहीत, कोंबडी बसते. मी बराच वेळ ती कोंबडी बघत बसलो होतो, ती धोट्याच्या जागी बरोब्बर… जाऊ दे. आईचं बरोबर आहे, माझं लक्ष एका जागी राहात नाही.

टाकीवर चढलो तेही असंच. त्या दिवसाबद्दल मला खरं तर काही लिहायचं नाही. पण मी तुमच्या कॉलनीच्या टाकीवर का चढलो हे मला कुणी विचारलंच नाही, म्हणून तेवढं सांगतो. आरिफनं मला तुमच्या दारात सोडलं तर घराला कुलूप. फोन लावावा तर रेंज नाही. समोर पाण्याची टाकी, टाकीला शिडी. म्हटलं वर रेंज येईल. अर्ध्यावर गेलो तर घारीचं घरटं. मामा, त्या घारीनं घरट्यात काय काय लावलं होतं. वायरी, एक टूथब्रश, आणि मध्ये पिल्लाखाली आपल्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा, लाल काठाचा. मी रेंज विसरून गेलो. खाली आरिफ माझी बॅग घेऊन उभा होता आणि "उतर रे बाबा" म्हणत होता.

तुमच्या कॉलनीत आदल्या तीन दिवसांत निम्म्या घरांची पोटं बिघडली होती, आणि कुणीतरी टाकीत काहीतरी टाकलं असं ठरलं होतं, हे आम्हाला कुठून माहीत असणार. टाकी संरक्षण समिती झाली होती आणि अध्यक्ष तुम्ही होता, हेही माहीत नव्हतं. तुम्ही ग्रुपवर टाकलेला मेसेज मला नंतर कुणीतरी दाखवला. दाढीवाले, पाठीवर बॅग असलेले अनोळखी तरुण दिसल्यास त्वरित कळवावे. मेसेज चांगला लिहिलाय. मी वाचताना स्वतःच्या दाढीवर हात फिरवून बघितला.

गंमत बघा. वर चढलो होतो मी, पण पकडला खाली उभा असलेला. तुमच्या समितीतल्या तिप्पण्णाकाकांनी आधी आरिफला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. त्यावर चारपाच जण एकदमच "हांऽऽ" म्हणाले, जसं गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळलं. शिडीवरच्या माझ्याकडं तोवर कुणी बघितलंही नव्हतं. मी आपणहून हाक मारली, "काका, टाकीवर मी हाय की."

मग खाली उतरलो. नाव सांगितलं तर विश्वास नाही, कारण मी आरिफशी त्याच्या बोलीत बोललो होतो. चनमल्लप्पांचा भाचा म्हणालो तर एकजण म्हणाला, आजकाल हे लोक सगळी माहिती काढून येतात. मग बॅग उघडली. बॅगेत आईनं दिलेली हळदीची पुडी, कुंकवाची पुडी, अक्षतांचे तांदूळ, आणि मी श्रीशैलहून तुमच्यासाठी आणलेला विभूतीचा गोळा. दोन महिने मी तिकडंच होतो, एका धर्मशाळेत पाणी भरत. तेही सांगायचं राहिलं होतं.

तिप्पण्णाकाकांनी विभूतीचा गोळा हातभर लांब धरला. मग हुंगला. "वास येत न्हाय," ते म्हणाले. "वास न येणारं लई डेंजर असतंय."

मामा, त्यांच्या कपाळावर तीन पट्टे होते. ताजे, अंघोळीनंतरचे. त्यांच्या शेजारी उभे होते त्यांच्याही कपाळावर होते. मी म्हणालो, "काका, तेच तुमच्या कपाळावर हाय." यावर मला उद्धट ठरवण्यात आलं. तोवर कुणाच्या तरी हाताला पत्रिका लागली. तो मोठ्यानं म्हणाला, "पत्रिकाबी छापून आणलीय. केवढी तयारी बघा." पत्रिकेवर मामा म्हणून तुमचं नाव छापलंय, संपूर्ण, गावासकट. ते तर त्यांना सगळ्यात जास्त संशयास्पद वाटलं.

मग तुम्ही आलात. गळ्यात शिट्टी, हातात फरशी पुसायच्या मॉपचा दांडा. मग मामी देवळातून आल्या. मग सगळे आपापल्या घरी गेले. असं झालं त्या दिवशी.

मामींनी मला घरी नेऊन जेवायला वाढलं. तुम्ही आतल्या खोलीत होता, डोकं दुखत होतं. मामी वाढता वाढता सांगत होत्या, तुमच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम फार छान झाला, बँकेचे साहेब आले, शाल मिळाली. आणि आमरस. आमरस सकाळीच काढून मोठ्या पातेल्यात ठेवला होता, मेच्या उन्हात, पत्र्याच्या मंडपात. भाषणं लांबली आणि पंगत बसायला संध्याकाळ झाली. मामींना शुगर, त्यांनी रसाला हात लावला नाही. त्या टाकीचंच पाणी पितात आणि त्यांना काही झालं नाही. हे सांगताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, भाकरी कडक झालीय का ते बघत होत्या.

महापालिकेचा माणूस येऊन पाणी तपासून गेला आणि पाणी चांगलं आहे म्हणाला, तेव्हा समितीनं त्याच्यावरही संशय घेतला असं ऐकलं. माझ्या मते कॉलनीत एव्हाना सगळ्यांना कळलंय. पण बोलायचं कुणी? बोलायचं तर तुमच्या तोंडावर बोलायला लागणार. शिवाय प्रत्येकानं वाटी पुढं करून रस पुन्हा मागून घेतलेला. त्यापेक्षा टाकीपाशी पाळीनं खुर्ची टाकून बसणं सोपं. मी काही कुणाला सांगणार नाही. आमरसाचं हे या पत्रात आहे आणि पत्र तुमच्या हातात आहे.

आता मधलं राहिलं ते. मी ते गाळून हे पत्र दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा ते लग्नाच्या आमंत्रणासारखं न वाटता बिलासारखं वाटायला लागलं. म्हणून लिहितो.

तुम्ही आलात तेव्हा लोकांनी वाट करून दिली. तिप्पण्णाकाका म्हणाले, "सर, हा तुमचं नाव घेतोय." मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग लोकांकडं. मग माझ्याकडं. कुणीतरी तुमच्यापुढं पत्रिका धरली. तुम्ही ती वाचलीत, आणि म्हणालात, "चनमल्लप्पा नावाची पुष्कळ माणसं असतात." आणि मग, "ह्याला मी वळखत न्हाय."

मला पोहायला तुम्ही शिकवलं, मामा. सायकल तुम्ही शिकवलीत. म्हणून मला आधी वाटलं, तुम्ही चेष्टा करताय, आता हसाल.

हसला नाहीत. हसल्या त्या मामी. लांबूनच, "अय्यो शिवू, ऊटा आतेन?" म्हणत आल्या, आणि सगळ्या कॉलनीसमोर माझी दाढी ओढली. जेवलास का एवढंच विचारलं त्यांनी, पण टाकीखाली एकदम अशी शांतता पसरली की वरचं पिल्लू ओरडलेलं ऐकू आलं. मामींनी तुमच्याकडं बघितलं. मग लोकांकडं बघून म्हणाल्या, "ह्यांना चष्म्याबगर दिसत न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिप्पण्णाकाका म्हणाले, "व्हय व्हय. सर, उन्हाचं चष्म्याबगर बाहेर पडू नये." आणि चष्मा तुमच्या डोळ्यांवर होता, मामा. सोनेरी काडीचा. मी बघत होतो, ते बघत होते, आणि सगळे मिळून ठरवत होते की तो नाही. मी पुष्कळ गावं हिंडलो, पण इतक्या माणसांना एकाच वेळी न दिसलेली वस्तू मी ती एकच बघितली.

मला सोडलं, तरी एकाचा हात आरिफच्या कॉलरला तसाच होता. मला विचारलं, "हा तुझ्यासंगं हाय का?"

इथं मला थांबायला लागतंय. कारण त्या क्षणी माझ्याही जिभेवर तुमचंच वाक्य आलं होतं. नुसती रिक्षा केली होती, म्हणून सांगावं आणि निघावं. एवढे डोळे आपल्याकडं बघत असले की ते वाक्य आपोआप तोंडात तयार होतं, कुणी शिकवायला लागत नाही. मी गिळलं. का गिळलं माहीत नाही, बहुतेक मामी शेजारी उभ्या होत्या म्हणून. मी म्हणालो, "माझ्यासंगं हाय. आन् मामांना दर सोमवारी देवळात ह्योच नेतो." तुम्ही तेव्हा खाली बघत होता.

आरिफनं कॉलर नीट केली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी जेवून येईपर्यंत रिक्षापाशी थांबला, आणि मी बसताना एवढंच म्हणाला, "साब के चष्मे में अपन दोनों बी नै आते, शिवूभाई." आणि नंतर वाटेत स्वतःच हसायला लागला. मग मीही. पार नव्या पेठेपर्यंत आम्ही हसत होतो.

तर मामा, मला राग नाही. होता, एक रात्र. मग मी विचार केला की तुम्ही आदल्या दिवशी समितीसमोर म्हणाला होता, कुणाचाही नातेवाईक असो, सोडायचं नाही. मामींनी सांगितलं. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडल्यावर माणसाला परत फिरायला रस्ता राहात नाही. आणि रिटायर होऊन तीन दिवस झाले होते, सर म्हणणारी एवढी माणसं पुन्हा मिळालेली. त्यात पोट बिघडलेलं. मला कळतंय ते.

आईला यातलं काही माहीत नाही. माझ्याकडून कळणार नाही. तिच्या लेखी तुमचे दोन्ही गुडघे दुखतात, तेव्हा आलात की जरा लंगडा.

पत्रिका सोबत जोडली आहे. पहिली तुमच्या समितीच्या हाती चुरगळली, ही दुसरी आहे, हळदकुंकू लावून. हातात द्यायची होती. पण तुम्ही दार उघडणार नाही आणि मला पुन्हा बाहेर उभं राहून कॉलनीला काम द्यायचं नाही. पत्र आरिफ घेऊन येईल. दार त्याला उघडा. तो काही बोलणार नाही, तुम्हीच बोलायचं आहे. काय, ते मी सांगायला नको. शनिवारी सकाळी तोच रिक्षा घेऊन स्टँडपर्यंत सोडेल, तुम्हाला आणि मामींना. तो आणि साबेराचाचीही लग्नाला येणार आहेत, त्याच एसटीनं.

तुम्ही नाही आलात तर महेश्वरीच्या पाठीशी चुलतमामा कुणीतरी उभा करतील. लग्न काही थांबत नाही. पण ती दोनदा मागं वळून बघेल, आणि मी ते लांबून बघायचं, हे मला नको आहे.

अकलूजला गर्दी असणार, मामा. सगळं गाव, सगळे पाहुणे, वरपक्षाचे तर नुसते बघायलाच येतात. मी मंडपाच्या दारात उभा असेन. दाढी काढणार नाही. तुम्ही आलात की मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणार आहे, "हे माझे मामा." लोक तुमच्याकडं बघतील. मग तुम्ही काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी तिथंच उभा असेन, घाई नाही.

तुमचा भाचा,
शिवू