पत्र्यावर अडकलेले पाणी खाली उतरवण्याबाबत

दि. १४ मे २०२५

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, खडकसोंडे,
जि. नाशिक.

विषय : घरी बाळंतीण असल्याने येत्या शनिवारी नळाला पाणी सोडणे, ते न जमल्यास पत्र्यावरचे पाणी खाली घेण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या आपत्ती कक्षाची वादळपूर्व सूचना, रिक्षावरील भोंग्यातून ऐकलेली व नंतर छापील मिळालेली.
२) आपल्या पाणीपुरवठा विभागाचा तोंडी निर्णय, श्री. भिकन यांनी आमच्या ओट्यापुढे उभे राहून सांगितलेला.

अर्जदार : मल्हारी पुंजा शेलार, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, एस. टी., रा. खळवाडी गल्ली.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, आमच्या गल्लीतली सगळी घरे पत्र्याची असून नळाला पाणी आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी येते. याबद्दल माझी तक्रार नाही. उभी हयात मी बसस्थानकावर वेळापत्रक सांभाळले आहे. जी गाडी उशिरा का होईना, पण ठरल्या दिवशी येते, ती वेळेवर आली असेच मी धरतो.

२. मागील महिन्याच्या शेवटी आपल्या आपत्ती कक्षाने वादळी वाऱ्याचा इशारा दिला. पत्र्यावर सुटे दगड, विटा, जुने टायर ठेवू नयेत, ते वाऱ्याने खाली येऊन माणसे जखमी होतात. त्याऐवजी पाण्याने भरलेले पस्तीस लिटरचे कॅन भिंतीच्या रेषेवर तारेने बांधावेत, आणि इशारा मागे घेईपर्यंत ते खाली काढू नयेत, काढल्यास कारवाई होईल, असे सूचनेत होते. सूचना शहाणपणाची होती. गेल्या उन्हाळ्यात आमचे तीन पत्रे उडून मारुती मंदिराच्या मागे सापडले होते, आणि ते आमचेच आहेत हे पुजाऱ्याला पटवण्यात माझा अर्धा दिवस गेला होता.

३. साहेब, आमच्या गल्लीने एखादी सरकारी सूचना पाळल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे. त्या शनिवारी पाणी आले तेव्हा लोकांनी आधी वरचे कॅन भरले आणि मग खालचे हंडे. पाणी पत्र्यापर्यंत कशाने चढवले, हे कृपया विचारू नये. दुपारपर्यंत प्रत्येक पत्र्याच्या चारही कोपऱ्यांवर निळे कॅन बसले. आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहून वर बघत होतो आणि आपल्याला शिस्त आहे असे आम्हाला वाटत होते.

४. पुढच्या शनिवारी पाणी सोडणारे आपले कर्मचारी श्री. भिकन आले. भिकन सरळ माणूस आहे, त्याच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकून तो गल्लीच्या तोंडाशी, आमच्या ओट्यापुढे थांबला, बराच वेळ वर पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, लय पाणी धरलंय तुम्ही. पार पत्र्यावर गेलंय. आता खाली कुठं ठेवणार? ज्याला नाय त्याला देऊ द्या." त्याने तिथूनच कार्यालयात फोन लावून खळवाडीत साठा पुरेसा असल्याचे कळवले आणि आमचे पाणी मागच्या गल्लीला सोडले. मागच्या गल्लीने आपली सूचना पाळलेली नाही. त्यांच्या पत्र्यावर अजून दगडच आहेत, आणि आता त्यांच्या नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येते. त्यानंतरच्या शनिवारीही असेच झाले. सध्या आम्ही त्यांच्याकडूनच हंडे भरून आणतो. ते देतात, पण देताना हसतात.

५. याबाबत मी कार्यालयात समक्ष आलो होतो. पाणीपुरवठ्याच्या टेबलावर सांगितले की तुमच्याकडे पाणी आहे, वरचे उतरवा आणि वापरा. त्याच पंख्याखाली दुसऱ्या टेबलावर आपत्ती कक्ष आहे. तिथे सांगितले की इशारा चालू आहे, एकही कॅन हलवलात तर नोटीस निघेल. मी दोन्ही टेबलांच्या मधोमध उभा राहून दोघांना एकमेकांशी बोलण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली आणि जेवायला कुठे जायचे यावर चर्चा केली. इशारा मागे कधी घेणार, असे विचारले असता कळले की इशारा देण्याचा अधिकार कक्षाला आहे, मागे घेण्याचा कोणाला आहे हे पाहावे लागेल. वादळ तर अद्याप आलेले नाही. रोज दुपारी येवल्याच्या बाजूने ढग येतात, थोडी धूळ उडवतात आणि जातात. त्यांनाही कोणाच्या तरी सहीची वाट असावी.

६. आता मूळ मुद्दा. माझी मुलगी तेजल बाळंतपणाला माहेरी आली आहे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, बरेच दवाखाने करून तिला मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीची अंघोळ, धुरी, रोजची दुपटी, या सगळ्याला किती पाणी लागते हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते, कारण तेजल एवढीशी होती तेव्हा मी सतत ड्यूटीवर असे. ते आता आले आहे. माझी पत्नी विमलाबाई सकाळी बाळाला पायांवर घेते, तांब्यातले पाणी जपून जपून ओतते आणि मध्येच मान वर करून आढ्याकडे बघते. पत्र्याच्या पलीकडे एकशे चाळीस लिटर पाणी उन्हाने आपोआप तापलेले असते. बाळाला हवे तसेच कोमट. काल तर ती म्हणाली, "वर पाणी खदखदतंय आन् खाली मी लेकराला पुसून काढतेय. कुणाला सांगायचं हे?" म्हणून आपल्याला सांगत आहे.

७. तेजल दुपटी धुवायला गपचूप मागच्या गल्लीत जाते. ओली बाळंतीण बाहेर पाण्यात हात घालते, ही गोष्ट विंचूरला तिच्या सासूबाई शकुबाई यांच्या कानावर गेली. त्यांचा फोन आला. "आमच्याकडं बोअरला पाणी हाय. रविवारी गाडी घेऊन येते अन् दोघींना घेऊन जाते. राग मानू नका, लेकराचे हाल नको." मी राग मानलेला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर रविवारपर्यंतही थांबलो नसतो. परंतु सव्वा महिना व्हायला अजून पंधरवडा बाकी आहे, आणि तेवढे दिवस ती आमच्या घरात असावी अशी आम्हा दोघांची फार इच्छा आहे. नोकरीत मी लोकांच्या गाड्या सोडल्या. कोणाला थांबवून ठेवण्याची मला सवय नाही, ते कसे करतात तेही ठाऊक नाही. म्हणून हा अर्ज.

८. तरी खालीलपैकी जे आपल्या अधिकारात बसेल ते करावे.

(अ) येत्या शनिवारी, दि. १७ रोजी, आमच्या नळाला पाणी सोडावे. पत्र्यावरचे पाणी हे पाणी नसून वजन आहे, असे भिकन यांना लेखी कळवावे. तोंडी सांगितल्यास तो पुन्हा वर बघेल.

(ब) अथवा वादळाचा इशारा मागे घ्यावा. सही कोणाची लागते हे ठरत नसल्यास माझी घ्यावी. पंचवीस वर्षे मी गाड्या रद्द झाल्याचे जाहीर केले आहे, एक वादळही रद्द करू शकेन.

(क) अथवा फक्त चुलीच्या बाजूचा एक कॅन उतरवण्याची परवानगी द्यावी. सुरक्षेत कसूर नको म्हणून त्या कोपऱ्यावर, इशारा संपेपर्यंत, मी स्वतः बसण्यास तयार आहे. कॅनचे वजन पस्तीस किलो असून माझे अठ्ठावन्न आहे, म्हणजे शासनाचा यात फायदाच आहे. सरकारी दवाखान्यातून वजनाचा दाखला घेतला आहे. दाखला कशासाठी हवा, असे डॉक्टरांनी विचारले, ते मी त्यांना खरे सांगितले. त्यांनी मग रक्तदाबही तपासला. मला तारेने बांधायचे की नुसते बसले तरी चालेल, एवढे मात्र स्पष्ट व्हावे.

९. निर्णय शनिवारच्या आत व्हावा, ही हात जोडून विनंती. रविवारी शकुबाई येतील. अंगणात भरलेली पिंपे दिसली तर चहा घेऊन एकट्या परत जातील, तशा त्या समजूतदार आहेत. शनिवारी पाणी न आल्यास या अर्जाला उत्तर देण्याची तसदी घेऊ नये. आम्हा दोघांना दिवसाला दोन हंडे पुरतात, आणि तेवढे मागच्या गल्लीतून मिळतात.

नळाकडे आणि आभाळाकडे आळीपाळीने पाहणारा,
आपला नम्र,

मल्हारी पुंजा शेलार
खळवाडी गल्ली, खडकसोंडे

सोबत :
१) वादळपूर्व सूचनेची प्रत.
२) अर्जदाराच्या वजनाचा दाखला. (जेवणानंतरचा.)
३) पत्र्यावरील चार कॅनचे छायाचित्र.
४) नातीचे छायाचित्र, एक. काम झाले नाही तरी हे परत मिळावे.