काहीच न झाल्याची बातमी

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

दादा येऊन गेला. तुझ्या दवाखान्यातल्या नेटवर्कच्या खोलीची मुख्य वीज तू सोमवारी भरदिवसा, साहेबांच्या देखत, मुद्दाम तोडणार आहेस म्हणे. लहानपणी खोलीतला दिवा बंद कर म्हणून तुझ्या मागे लागावं लागायचं, आणि आता हा उत्साह. फसलं तर डॉक्टरांपुढचे रिपोर्ट जातील आणि तुझी नोकरीही, या विचाराने तुझ्या बापाच्या जिवाला घोर लागलाय.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला. वीज गेली की आमची पाचावर धारण बसायची, पण ती आपणहून घालवायचं खूळ कुणाला सुचलं नाही. असं का करतेस, ते मला समजेल असं लिही. लोकांचे फोन जोडून जोडून माझे कान कामातून गेलेत, तेव्हा फोन नको, पत्रच पाठव.

तुझी काळजी करणं एवढंच काम उरलेली,
आत्या

१० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वेळेवर मिळालं. उत्तर मुद्दाम उशिरा लिहितेय, नाहीतर तू येऊन माझा हात धरला असतास.

आमच्याकडे नेटवर्कच्या यंत्रांना वीज पुरवणारा एक डबा आहे. त्यात दोन वायरी येतात, एक मुख्य विजेची, दुसरी बॅटरीची. पहिली गेली की डबा पापणी लवायच्या आत दुसरीवर जातो. तरी गेल्या महिन्यात वीज गेली आणि वॉर्डातले रिपोर्ट दिसेनासे झाले. कुणीतरी टापटिपीच्या हौसेने दोन्ही वायरी छान एकत्र बांधून मुख्य विजेच्याच बोर्डात खोचल्या होत्या. काम इतकं देखणं, की शंका कुणाला येणार? मी त्या वेगळ्या केल्या. पण ओढून बघितल्याशिवाय भरवसा ठेवा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून शस्त्रक्रिया नसलेला दिवस मागून घेतला.

सोमवारी सगळे दाटीवाटीने उभे होते. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, की ओढा आता, किती ताटकळत ठेवणार? मी हात पुढे केला. प्लग केव्हाचा निघून माझ्या हातात आला होता. पंखे फिरत होते, हिरवे दिवे लुकलुकत होते, रिपोर्ट येत होते. आत्या, मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

आहे ती माया पुरते, पण वाढली तर नको म्हणणार नाही.

तुझी,
ठकू

१६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
भरभरून आशीर्वाद.

शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आमच्या ठकूने दवाखान्याची वीज तोडली आणि काहीच झालं नाही. तिला वाटलं, तुझी नोकरी वाचली एवढंच मी सांगतेय. मग तिला बसवून दोन्ही वायरी समजावल्या. दादा तर कल्पना मूळची आपलीच असल्याचं सांगत सुटलाय. सांगू दे बापड्याला.

जोडलेला फोन कुणाच्या ध्यानात राहत नाही, तुटलेला राहतो. त्यामुळे आमचं कौतुक कधी कुणी केलं नाही. तुझं मी करते. मला तुझा फार अभिमान वाटतो.

आणि एक काम कर. डोळ्याची शस्त्रक्रिया मी भीतीपोटी टाळत आले. ती तुझ्याच दवाखान्यात करायची ठरवलंय, तारीख घे. त्या दिवशी वीज गेली तर मला सांगायला येऊ नकोस, आपल्या जागेवर बस.

तुझ्या भरवशावर निर्धास्त,
आत्या